कालच्यापेक्षा

मास्तरांनी टेबलावर दोन पेन्सिली ठेवल्या. एक नवीकोरी, अजून टोकही न काढलेली. दुसरी झिजून झिजून अंगठ्याएवढी उरलेली. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी समोर बसलेल्या वहिनींकडे पाहिलं.

"हं, सांगा आता. इंग्रजीत सांगा. लांब कुठली?"

वहिनींनी दोन्ही पेन्सिली हातात घेतल्या, उलटसुलट करून पाहिल्या आणि होत्या तशा परत ठेवल्या.

"दोन्ही चांगल्या आहेत, भावोजी."

"चांगल्या-वाईटाचं कुठे विचारलंय मी? लांब कुठली ते सांगा!"

"ही बिचारी लिहून लिहून अशी झालीय," वहिनींनी त्या थोटक्या पेन्सिलीवरून बोट फिरवलं. "तिला तिच्या तोंडावर आखूड कशाला म्हणायचं?"

स्वयंपाकघरातून मास्तरांच्या बायकोचं हसणं ऐकू आलं, आणि पाठोपाठ एक झाकण खाली पडल्याचा आवाज. मास्तरांनी डोळे मिटले. उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेला होता. पेन्सिलीला तोंड असतं असं त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्लीतले सगळे त्यांना मास्तरच म्हणत. स्वभावाने बुजरे. चारचौघांत दोन शब्द बोलायचे म्हटले की घशाला कोरड पडायची. दुकानात मोड परत मागायची तरी मनात दोनदा तालीम व्हायची. पण हातात खडू आला की गडी वेगळाच. त्यातही तुलनेचा धडा म्हणजे त्यांचा हातखंडा. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. गुड, बेटर, बेस्ट. वर्गातल्या तीन पोरांना उंचीप्रमाणे ओळीत उभं करायचं आणि सगळ्या वर्गाने एका सुरात म्हणायचं. मास्तरांना स्वतःच्या प्रत्येक गोष्टीबद्दल शंका असे: आपण बोललो ते बरोबर होतं का, शर्ट नीट दिसतोय का, समोरचा मनात हसत तर नाही ना. त्या एका धड्यात मात्र शंकेला जागाच नव्हती. तिथे एक कमी असे, एक जास्त असे, आणि एक सगळ्यात जास्त. संपलं!

आणि नेमका तोच धडा वहिनींच्या गळी उतरत नव्हता.

वहिनी म्हणजे मास्तरांच्या थोरल्या भावाच्या पत्नी. थोरला गेल्यापासून दोन्ही घरांचा स्वयंपाक एकत्र होत असे. वहिनी एका मोठ्या कारखान्याच्या पाळणाघरात कामाला होत्या, अगदी छोट्या मुलांच्या खोलीत. उमेदीची सगळी वर्षं त्यांची त्या एका खोलीत गेली होती. आता कारखान्याला नवे मालक आले होते, त्यांच्याबरोबर देशोदेशीचे इंजिनियर आले होते, आणि इंजिनियरांबरोबर त्यांची पोरंबाळं. तेव्हा वरून हुकूम निघाला: मुलांच्या खोलीत बसणाऱ्या प्रत्येक बाईने इंग्रजीची तोंडी परीक्षा द्यायची. पास होईल तिने खोलीत राहायचं. नापास होईल तिने तळघरातल्या धुलाईघरात जायचं, चादरी आणि लाळेरी धुवायला. पगार तोच.

"पगार तोच तर तोच," हुकूम आला त्या संध्याकाळी वहिनी म्हणाल्या होत्या, "पण तळघरात माझी पोरं कुठे आहेत?" एवढंच बोलून त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. थोरला गेला तेव्हाही त्या अशाच उभ्या होत्या. ते पाहून मास्तर, कुणी विचारलेलं नसताना, बोलून गेले होते, "मी शिकवतो."

परीक्षेचे तीन भाग होते. स्वतःची ओळख, वस्तूंची नावं, आणि चित्र बघून तुलना. पहिले दोन वहिनींनी बघता बघता खिशात टाकले. मुलांचे आईबाप सकाळ-संध्याकाळ दारात जे बोलत, त्यातलं अर्धं त्यांना आधीच कळत होतं. तिसऱ्या भागाशी येऊन गाडी जी रुतली ती रुतलीच.

"बरं, पेन्सिली राहू द्या," मास्तर म्हणाले. "हत्ती आणि मुंगी. मोठं कोण?"

"कोणाची मुंगी?"

"कोणाची म्हणजे? मुंगी हो, मुंगी! कोणाचीही!"

"नाही, म्हणजे तिच्या आईला ती मोठीच वाटत असेल ना."

"अहो," बायकोने दारातून डोकं बाहेर काढलं, "हत्तीच्या आईलाही विचारून घ्या एकदा."

"तू आत जा!"

"जाते बाई. जाऊबाई, यांचा आवाज चढायला लागला की खुशाल उठून या तुम्ही. चहा तयार आहे."

वहिनी मुद्दाम आडमुठेपणा करत होत्या असंही नाही. त्या मन लावून बसत, शब्द पाठ करत. बिग, बिगर, बिगेस्ट हे त्या घडाघडा म्हणून दाखवत. पण दोन गोष्टी समोर ठेवून 'ही हिच्यापेक्षा' म्हणायची वेळ आली की ओठ मिटलेच. मास्तरांनी दोन उशा आणल्या, दोन वाट्या आणल्या, भिंतीवरची दोन घड्याळं आणली. एक तर बंद पडलेलं होतं, तरी वहिनींना ते दुसऱ्याहून वाईट म्हणवेना. "दिवसातून दोनदा तेही बरोबर असतं," त्या म्हणाल्या. मास्तरांनी शेवटी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं.

"का पण? का नाही म्हणत तुम्ही?"

वहिनी जरा ओशाळल्या. "सवयच नाही हो. खोलीत आम्ही असं बोलत नाही. मी नवी लागले तेव्हा जुन्या बाई होत्या, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. ही त्याच्यापेक्षा शहाणी, तो हिच्यापेक्षा उंच, हे या खोलीत कधी म्हणायचं नाही. मुलांपुढे नाही, आयांपुढे तर नाहीच नाही. एकदा जिभेला वळण लागलं की मग ते कुठेही बाहेर पडतं. तेव्हापासून मी उशीलासुद्धा म्हटलेलं नाही."

"अहो, पण इथे या टेबलावर कुठलं मूल आहे?"

वहिनींनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. मास्तरांना उगाचच शर्टाची कॉलर ठीक करावीशी वाटली.

काही दिवसांनी वहिनी डबा घरी विसरल्या आणि बायकोने तो मास्तरांच्या हातात दिला. पाळणाघराच्या दारात मास्तर नेहमीप्रमाणे अवघडून उभे राहिले. आत दुधाचा आणि साबणाचा वास होता. भिंतीवर मास्तरांच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर खुंट्यांची रांग होती. प्रत्येक खुंटीखाली एकेक चित्र: बदक, छत्री, किल्ली, ढग. आणि प्रत्येक खुंटीला, पिशवीच्या शेजारी, एक रंगीत फीत गुंडाळून लटकवलेली. वहिनी एका गुबगुबीत पोराला भिंतीला टेकवून उभं करत होत्या. त्याचं नाव काहीही असो, सगळी खोली त्याला भोपळा म्हणत होती. त्यांनी त्याची निळी फीत उलगडली, टाचेपासून डोक्यापर्यंत धरली आणि डोक्याच्या जागी गाठ मारली. खाली आधीच्या गाठी होत्याच.

"अरे वा! बघ, उन्हाळ्यातला भोपळा इथपर्यंत होता, आणि आताचा केवढा झालाय! त्या भोपळ्याला मागे टाकलंस की रे!"

भोपळ्याने जुन्या गाठीला बोट लावलं आणि जग जिंकल्यासारखा हसला.

मास्तर दारातच थबकले. "वहिनी," डबा पुढे करायचंही विसरून ते म्हणाले, "ही तुलनाच केलीत की तुम्ही!"

"छे! कुठे? त्याचं माप त्यालाच तर लावलं."

"तेच तेच! तसंच करा. दोन मुलांची नको, एकाच मुलाची करा. आजचा आणि कालचा! टॉलर दॅन यस्टरडे!"

"असं चालतं इंग्रजीत?"

"धावतं!"

आणि खरंच, त्या संध्याकाळपासून बांध फुटावा तसं झालं. ही इज टॉलर दॅन यस्टरडे. शी इज हॅपियर दॅन यस्टरडे. वहिनी खोलीतल्या एकेका मुलाबद्दल वाक्यांमागून वाक्यं सांगू लागल्या. कोण कालच्यापेक्षा शांत, कोण कालच्यापेक्षा चिडकं, कुणाचे केस कालच्यापेक्षा मऊ. मास्तर खुर्चीत मागे रेलून ऐकत राहिले. चारपाच दिवस ते घरात शीळ घालत फिरत होते, आणि त्यांना शीळ येते हे बायकोला लग्नानंतर पहिल्यांदाच कळलं.

पण या आनंदात एक गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नाही. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी शेवटची उजळणी म्हणून एक चित्र पुढे ठेवलं. चित्रात दोन घरं होती, एक मोठं, एक लहान.

वहिनींनी आत्मविश्वासाने मोठ्या घरावर बोट ठेवलं. "धिस हाऊस इज बिगर दॅन यस्टरडे."

मास्तरांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी दुसरं चित्र ठेवलं. दोन झाडं.

"धिस ट्री इज टॉलर दॅन यस्टरडे."

दोन डोंगर ठेवले.

"धिस माउंटन," वहिनी क्षणभर थांबल्या, त्यांनाही जरा जड गेलं असावं, "इज हायर दॅन यस्टरडे."

"डोंगर?" मास्तर उभेच राहिले. "डोंगर कालच्यापेक्षा उंच? रात्रीतून वाढला? काय, पाणी घालता का तुम्ही त्याला?"

"तुम्हीच म्हणालात चालतं."

"पोराला चालतं हो! डोंगराला कसं चालेल? शेजारी दुसरा डोंगर दिसतोय ना? डोळ्यांपुढे आहे ना तुमच्या? त्याच्याशी तुलना करा! आणि मग तीन मुलं दाखवतील आणि विचारतील सगळ्यात उंच कोण, तेव्हा काय सांगणार आहात?"

"नाही सांगणार."

"का?"

"उरलेली दोन असतात ना तिथे."

मास्तरांच्या हातात सवयीने असलेला खडू मोडला. इतके दिवस गिळलेलं सगळं एकदम वर आलं आणि पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून कसं निघालं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"माझ्या वर्गातला सगळ्यात ढ मुलगा होता ना, शेवटच्या बाकावरचा, तोसुद्धा तुमच्यापेक्षा बरा होता!"

स्वयंपाकघरातला वाहता नळ कुणीतरी बंद केला.

वहिनींनी समोरची चित्रं गोळा केली, कडा जुळवल्या आणि टेबलाच्या मधोमध नीट ठेवल्या.

"तो मुलगा काय करतो हल्ली?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मास्तर पुटपुटले.

"बरं," म्हणून वहिनी उठल्या आणि पलीकडे आपल्या घरी गेल्या. जेवायला आल्या, पण मीठ मागण्यापलीकडे बोलल्या नाहीत.

बायको मात्र बोलली. ताटं उचलता उचलता बोलली. "कमाल आहे बाई तुमची! उद्या त्यांची परीक्षा, आणि आज तुम्ही त्यांना ढ ठरवून मोकळे! तरी बरं, थोरले भाऊजी नाहीत आज. ते असते तर असं..." आणि तिने जीभ चावली.

वाक्य अर्धंच राहिलं, पण मास्तरांना ते पूर्ण ऐकू आलं. ते त्यांनी जन्मभर ऐकलं होतं. थोरला असता तर असं बोलला नसता. थोरल्याने असं केलं नसतं. थोरल्याकडे बघ, थोरल्याकडून शीक. आईने म्हटलं होतं, शेजाऱ्यांनी म्हटलं होतं, आणि जो तो म्हणायचा थांबला तेव्हापासून मास्तर स्वतःच स्वतःला म्हणत आले होते. थोरला गडगडाटी हसायचा, पाठीवर थाप मारायचा, दुकानात मोड हक्काने मागायचा. तुलनेच्या धड्यात मास्तरांची स्वतःची जागा कुठली, याबद्दल त्यांना एकदाही शंका आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वहिनींच्या बरोबर ते गेले. कुणी चला म्हटलं नव्हतं, कुणी नको म्हटलं नाही. वाटेत वहिनींनी हवेबद्दल एक वाक्य टाकलं, मास्तरांनी त्याला हुंकार दिला. माफी मागायची म्हणून त्यांनी मनात दोनदा तालीम केली, प्रत्यक्षात तोंडातून निघालं ते "पायरी आहे, सांभाळा."

मुलांना सोडून जाता येत नाही म्हणून परीक्षा खोलीतच होती. परीक्षक म्हणजे एक उंचसा, सर्दीने बेजार झालेला माणूस. तो मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे कानाशी घेऊन बसला होता आणि दर वाक्यानंतर नाक पुसत होता. मास्तर बाहेरच्या बाकावर बसले. दार उघडं होतं. आतलं सगळं ऐकू येत होतं, हीच मोठी शिक्षा होती.

ओळख झाली. वस्तूंची नावं झाली. मग चित्र निघालं. परीक्षकाने इंग्रजीत विचारलं की या दोन घरांबद्दल काय सांगाल.

बाहेर मास्तरांनी बाकाची कड घट्ट धरली.

"धिस हाऊस," वहिनी म्हणाल्या, "इज बिगर दॅन यस्टरडे."

परीक्षकाने चित्राकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्याने रुमाल खाली घेतला. "दॅन यस्टरडे?"

"यस सर."

पुढे डोंगर आला. डोंगरही वाढला. मास्तरांना उठून पळून जावंसं वाटत होतं. धुलाईघराचा जिना कुठे आहे तेही त्यांनी येताना पाहून ठेवलं होतं. त्या जिन्याचं दार इथून समोरच दिसत होतं, त्यातून ओलसर वाफ येत होती.

मग तीन मुलांचं चित्र आलं. सर्वांत उंच कोण?

"सॉरी सर," वहिनी म्हणाल्या. "आय डोन्ट से."

"यू डोन्ट नो?"

"आय नो. आय डोन्ट से."

परीक्षकाने दमल्यासारखा श्वास सोडला आणि पेनचं टोपण काढलं. तो काय लिहिणार हे मास्तरांना बाहेरूनही कळत होतं. त्याच वेळी आतून धपधप पावलं वाजली. भोपळा खुंटीवरची आपली निळी फीत ओढत परीक्षकाच्या गुडघ्यापाशी आला आणि ती त्याच्या मांडीवर ठेवून भिंतीला टेकून ताठ उभा राहिला. नवीन माणूस आला की आपलं माप घेतो, एवढा त्याचा सरळ हिशोब होता.

परीक्षकाने ती गाठींची फीत उचलली. "व्हॉट इज धिस?"

आणि वहिनी सुटल्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण न अडखळता. ही गाठ थंडीतली, ही उन्हाळ्यातली. इथे तो लहान होता, इथे मोठा झाला. टॉलर. हेवियर. रडणं कमी झालं, झोप वाढली, पावलं भक्कम झाली. मग त्यांनी छत्रीची फीत काढली, किल्लीची काढली, ढगाची काढली, आणि प्रत्येक मुलाचं सांगितलं.

"टॉलर दॅन हूम?" परीक्षकाने मधेच विचारलं.

"दॅन हिम," वहिनींनी भोपळ्याच्या डोक्यावर हात ठेवला, मग खालच्या गाठीवर बोट ठेवलं. "स्मॉल हिम."

परीक्षकाने दोन फिती एकमेकींशेजारी धरून पाहायला हात पुढे केला. वहिनींनी त्याच्या हातातली एक हळूच काढून घेतली, गुंडाळली आणि तिच्या खुंटीला लावली. तो शिंकला, कागदावर काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं, आणि मोठ्या कष्टाने त्या खुर्चीतून स्वतःला सोडवून घेतलं.

निकाल तिथेच मिळाला. वहिनी पास झाल्या होत्या. अगदी काठावर. तुलनेचे गुण मिळाले होते; 'सर्वांत' जिथे जिथे म्हणायचं होतं तिथे मात्र भोपळा, म्हणजे शून्य. खोली त्यांचीच राहणार होती, पण तेवढ्या एका भागाची परीक्षा सहा महिन्यांनी पुन्हा द्यायची होती.

"एक शब्द!" संध्याकाळी परतताना मास्तर रस्त्यातच थांबले. आनंद झाला होता, छाती हलकी झाली होती, आणि तरी राहवेना. "टॉलेस्ट! एवढा एकच शब्द म्हणायचा होता! चित्रातली मुलं होती हो ती, कागदावरची! तुम्हाला पाठ होता शब्द!"

"पाठ होता ना," वहिनी समाधानाने म्हणाल्या.

"आणि आता सहा महिने पुन्हा! पुन्हा त्या पेन्सिली!"

"ती छोटी पेन्सिल तोवर संपेल, भावोजी. दुसरी बघून ठेवा."

मास्तर तणतणत चालू लागले. दुकानांतले दिवे लागले होते. कोपऱ्यावरच्या शिलाईच्या दुकानात यंत्र खडखडत होतं. थोडं अंतर दोघं चालले. मग मास्तरांनी, समोर रस्त्याकडे बघत, जन्मभर कुणालाच न विचारलेली गोष्ट विचारली. आजच का सुचलं कोण जाणे. कदाचित एवढी एकच व्यक्ती अशी होती, जी दोघा भावांना रोज पाहत आली होती आणि जिच्या तोंडून 'थोरल्यासारखं' हा शब्द कधी आला नव्हता.

"वहिनी, एक विचारू? खरं सांगायचं. थोरला आणि मी..." त्यांनी कॉलर ठीक केली. "म्हणजे... दोघांत..."

वहिनी थांबल्या. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्यांच्याकडे पाहिलं, कॉलरपासून चपलांपर्यंत, मुलाला भिंतीशी उभं करून पाहावं तसं.

"यू आर बेटर," त्या एकेक शब्द जपून ठेवत म्हणाल्या, "दॅन यस्टरडे."

आणि चालू लागल्या.

मास्तर तिथेच उभे राहिले. सवयीने त्यांनी वाक्यात चूक शोधली. एकदा शोधली, दोनदा शोधली. सापडली नाही.

"अहो, पण मी हे विचारलंच नव्हतं!" ते मागून ओरडले, आणि त्यांना गाठायला भराभर पावलं टाकू लागले.